वसईच्या किल्ल्याला पाऊण तास पुरत नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की आपल्या खानदेशात सहलींचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात धुळ्याच्या महामार्गावर पहाटे उभे राहिले, तर काचेवर शाळेच्या नावाचा कापडी फलक बांधलेल्या चार-दोन बसगाड्या हमखास दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा समुद्राकडे निघालेल्या असतात. ज्या मुलांनी तापीचा पूर पाहिला आहे पण समुद्र पाहिलेला नाही, त्यांना एकदा तरी तो दाखवावा असे कोणत्याही शिक्षकाला वाटणे साहजिक आहे. अलीकडे या सहलींच्या वेळापत्रकांत वसईच्या किल्ल्याचे नाव वरचेवर दिसू लागले, याचा मला आनंद झाला होता. वेळापत्रके नीट वाचल्यावर तो ओसरला, कारण किल्ल्याच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी ‘पाऊण तास’ एवढाच वेळ लिहिलेला असतो. त्या पाऊण तासाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

मी अमळनेरच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आठवी-नववीच्या मुलामुलींच्या दोन बसगाड्या घेऊन आम्ही वसईला गेलो होतो. सगळी व्यवस्था एका खासगी सहल-संयोजकाकडे दिलेली होती. रात्रभर प्रवास, कसारा घाटात चार मुलांना उलट्या, भिवंडीपाशी ट्रकांच्या रांगेत दीड तास, असे करत सकाळी साडेनऊला आम्ही किल्ल्यात पोचलो, तेव्हा संयोजकाच्या माणसाने शिट्टी वाजवून जाहीर केले की सव्वादहाला सर्वांनी गाडीत बसायचे, कारण अकराला वॉटर पार्कचे बुकिंग आहे. मी एका पडक्या चर्चच्या भिंतीपाशी मुलांना गोळा करून, मराठ्यांनी किल्ला जिंकला त्या १७३९ सालापर्यंत पोचतो न पोचतो तोच तिकडे हॉर्न वाजू लागला. परत फिरताना नववीतला एक मुलगा, तोही अभ्यासात बरा, मित्राला म्हणाला, “काय रे भो, आठे ते समदं पडी जायेल शे!” त्याचे काही चुकले नव्हते. छप्पर नसलेल्या भिंती, त्यांतून वर आलेले वड-पिंपळ आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी, याहून अधिक काही एवढ्या वेळात दिसणे शक्यच नसते. वॉटर पार्कमध्ये मात्र आम्ही साडेपाच तास होतो.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. निवृत्तीनंतरच्या जानेवारीत मी, माझी पत्नी आणि भूगोल शिकवणारे माझे एक जुने सहकारी असे तिघे पुन्हा वसईला गेलो. या वेळी अमळनेरहून सुरतमार्गे जाणाऱ्या गाडीने बोरिवलीपर्यंत आणि तिथून लोकलने. वसईत आम्ही दोन दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी वज्रेश्वरी करून नाशिकमार्गे परतलो. पुढे जे लिहितो आहे ते त्या तीन दिवसांच्या आधारावर आणि पंचवीस-तीस वर्षे वर्गात जे शिकवले त्याच्या आधारावर.

किल्ला म्हटला की खानदेशी माणसाच्या डोळ्यांपुढे लळिंग उभा राहतो: उंच डोंगर, चढताना लागणारा दम, माथ्यावर वारा आणि पाण्याची टाकी. वसईला चढण नाही. सपाट जमिनीवर, तीन बाजूंनी पाणी असलेल्या जागी, दहाएक बुरुजांच्या तटाआड पोर्तुगीजांनी वसवलेले ते एक आखीव शहर होते, आणि ते शहर म्हणूनच पाहावे लागते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई त्यांना दिली, तिच्यासोबत मुंबईची बेटेही दिली. पुढे दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चा कारभार या तटाआडून चालला. दमण, ठाणे, साष्टी, चौल ही ठाणी वसईच्या अखत्यारीत होती. मुंबई १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांच्या राजाला मिळेपर्यंत तीही वसईच्या पदरातले एक लहान ठिकाण होती. आज मुंबईत नोकरीला जाणारा वसईकर सकाळच्या लोकलमध्ये एका पायावर उभा असतो, त्या मुंबईची ही जुनी पायरी मुलांना सांगितली असती, तर निदान मागच्या रांगेतल्यांनी माना वर केल्या असत्या.

जमिनीकडच्या दरवाजाने आत शिरून सरळ दर्या दरवाजापर्यंत एकदा चालत जावे आणि मग परत फिरून एकेक इमारत पाहावी, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. रस्ता जुन्याच रेषेवरून जातो. दोन्ही बाजूंना माणसांच्या उंचीच्या कितीतरी पट उंच भिंती उभ्या असतात आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाडी माजलेली असते. दर्या दरवाजाशी आपण पोचतो तेव्हा इतिहासाचे पुस्तक एकदम मिटते, कारण पलीकडे किल्लाबंदरची कोळी वस्ती सुरू होते. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, आणि बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांना बोंबील जोडीजोडीने टांगलेले होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, खिळा नाही, दोरा नाही. एक म्हातारी कोळीण खाली पडलेले उचलून पुन्हा अडकवत होती. माझ्या पत्नीने तिला सांगितले की हेच बोंबील आमच्या अमळनेरच्या बाजारात येतात, तर ती म्हणाली, “तुमच्याकडे येतात ते वाळून निम्मे झालेले, बाई.” दरवाजाच्या दोन बाजूंना दोन जगे आहेत, आणि त्यांतले एक अजून चालू आहे. मुलांना हे दिसले असते तर ‘समदं पडी जायेल शे’ हे वाक्य त्या मुलाने निदान अर्धे मागे घेतले असते.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. तिथे जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत आणि त्यांच्यावर पोर्तुगीज भाषेत नावे, हुद्दे आणि साले कोरलेली आहेत. आम्हा तिघांनाही पोर्तुगीज येत नाही. तरीही एका शिळेपाशी उकिडवे बसून आम्ही अर्धा तास अक्षरे लावत होतो, कारण जागा पुरावी म्हणून पाथरवटाने एका अक्षराच्या पोटात दुसरे अक्षर बसवले होते, आणि शब्द ओळीत मावला नाही तर तो निम्मा तोडून सरळ खालच्या ओळीत ढकलला होता. (आठवीची मुले वहीत हेच करतात आणि आपण त्यांचे गुण कापतो.) पत्नीने पदराच्या टोकाने धूळ झाडल्यावर सालातला शेवटचा आकडा दिसला, तो ७ की १ यावर आमचा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माझ्या मते एका विद्यार्थ्याला एका शिळेपाशी दहा मिनिटे बसवणे हे चाळीस विद्यार्थ्यांना चाळीस मिनिटांचे भाषण देण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले, याची खंतही इथेच नोंदवतो.

ही चर्चे अशी बोडकी का, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते आणि त्याचे उत्तर सोपे आहे. भिंती दगड-चुन्याच्या होत्या, छपरे लाकडी तुळयांवर कौलांची. शहर ओस पडल्यावर लाकूड कुजले किंवा उपयोगी पडले म्हणून नेले गेले, छप्पर गेल्यावर कोकणातला पाऊस थेट भिंतींच्या माथ्यात मुरू लागला, आणि मग पिंपळाला निमंत्रण द्यावे लागत नाही. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा तेवढा अजून ताठ आहे. त्याच्या आत अरुंद गोल जिना आहे, एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, आणि वर पोचल्यावर झाडांच्या शेंड्यांवरून खाडी आणि समुद्र एका नजरेत येतात. वर जाऊ देत असतील तरच, तेही दहा-दहाच्या तुकडीने आणि खाली एक शिक्षक उभा ठेवून, मुलांना पाठवावे. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये जपानच्या नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेले ते पहिले ख्रिस्ती संत. वसईच्या ख्रिस्ती समाजाला आजही या पडक्या भिंतींविषयी जिव्हाळा आहे, हेही मुलांना माहीत असावे, म्हणजे तिथे आरडाओरडा करताना ती एकदा विचार करतील.

मराठ्यांची मोहीम पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकलेली असते. तिचा खरा नकाशा मात्र जागेवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. समुद्राकडून मदत येऊ शकणाऱ्या, तिन्ही अंगांनी पाण्याने वेढलेल्या या जागेवर थेट हल्ला करून उपयोग नव्हता. म्हणून १७३७ मध्ये आधी ठाणे, साष्टी आणि अर्नाळा घेतले गेले, मग एकेक करून उत्तरेकडची ठाणी, आणि वसई एकटी पडल्यावर तिला जमिनीच्या बाजूने मोर्चे लावून, तटाखाली सुरुंग खणून जेरीस आणले गेले. सॅन सेबास्टियन बुरुजाला भगदाड पडले ते या सुरुंगांनी. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर हेही या वेढ्यात होते. किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेने आत उडवा, असे चिमाजी अप्पा म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. ती खरी असो वा नसो, मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला तेव्हा चिमाजी अप्पांनी त्यांना आपल्या चीजवस्तूंसह सन्मानाने बाहेर जाऊ दिले, ही नोंद मला त्या आख्यायिकेपेक्षा मोठी वाटते. पुढे मराठ्यांनी वसईचे नाव बाजीपूर ठेवले होते. ते नाव टिकले नाही.

आता खानदेशाकडे येतो, कारण माझा मूळ मुद्दा तोच आहे. आपल्या मुलांना वसई म्हणजे ‘कोकणातली कुठलीतरी परकी जागा’ वाटते. तिचा आपल्याशी असलेला संबंध वाटेवरच पडलेला आहे आणि आपल्या सहलींच्या बसगाड्या रात्रीच्या अंधारात त्याच्याजवळून निघून जातात. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या मंदिरावर जी प्रचंड घंटा आहे, ती वसईच्या विजयानंतर आणलेली चर्चची घंटा असल्याचे सांगितले जाते. तिच्यावर १७२१ हे साल आहे. नाशिकमध्ये मोठ्या आवाजाच्या माणसाला अजूनही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. हे मंदिर १७४७ मध्ये बांधणारे नारोशंकर राजेबहादूर म्हणजे मालेगावचा भुईकोट किल्ला उभारणारे सरदार. धुळ्याहून निघालेली गाडी मालेगावला थांबली तर तो किल्ला, नाशिकला थांबली तर ती घंटा, आणि वसईला पोचली की ती घंटा जिथून निघाली असे म्हणतात ते बोडके मनोरे, असा हा एकाच रस्त्यावरचा धडा आहे. दिवसा प्रवास केला तर डिझेल जास्त लागत नाही. रात्री प्रवास केल्याने एका मुक्कामाचे भाडे वाचते, हे संयोजकांचे गणित मला समजते; मात्र ते गणित आधी आणि सहल नंतर असे होऊ नये.

दुसरा संबंध याहून जवळचा आणि दुःखाचा आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले. तिथून इंग्रजांच्या आश्रयाने ते वसईला आले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथे तह झाला. सहा हजारांची इंग्रजी पायदळ फौज आपल्या राज्यात कायमची ठेवून घेणे आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून देणे, असे त्या तहाचे स्वरूप होते. ज्या किल्ल्यासाठी आजोबांच्या पिढीने दोन वर्षे रक्त सांडले, त्याच्याच सावलीत नातवाच्या पिढीने राज्याची दोरी दुसऱ्याच्या हातात दिली. इकडे खानदेशात त्याच १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख उद्ध्वस्त करून टाकला होता आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. वसईच्या तहातून पेटलेल्या युद्धात ऑक्टोबर १८०३ मध्ये बऱ्हाणपूर आणि असिरगड इंग्रजांनी घेतले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, आपल्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी असलेल्या थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रज सेनापती हिस्लॉप चालून आला. दरवाजात झालेल्या झटापटीत त्याचे दोन अधिकारी मारले गेल्यावर त्याने किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिले आणि आतल्या शिबंदीची कत्तल झाली. त्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात येऊन बसला आणि खानदेश कंपनीच्या कारभाराखाली गेला.

थाळनेरचा उरलासुरला तट पाहिलेल्या मुलाला वसईत उभे करून, ‘तिकडचे ते इथून सुरू झाले’ एवढे एक वाक्य सांगायला शिक्षकाला फार विद्वत्ता लागत नाही. मुलांना थाळनेरच पाहिलेले नसते, हा वेगळा प्रश्न आहे. साडेतीनशे किलोमीटरवरच्या भग्न तटाला गर्दी आणि तालुक्यातल्या भग्न तटावर बकऱ्या, अशी आपली स्थिती आहे. ज्या शाळांना समुद्राची सहल परवडत नसेल, त्यांनी आधी तिथे जावे. फारुकी घराण्यातल्या राजांच्या तिथल्या कबरींवरची नक्षी एका दुपारी पाहून होते, आणि समोर वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्रालाच मिळते.

वसईच्या आसपासची ठिकाणे पाहिल्याशिवाय किल्ला पुरता कळत नाही, असे मला दुसऱ्या दिवशी जाणवले. नालासोपाऱ्याला दाट वस्तीच्या मधोमध, स्थानिक लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत आले, ते टेकाड म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदराचा बौद्ध स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तो खणला तेव्हा मध्यभागी दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा याच परिसरात त्याच वर्षी सापडला आणि नवव्याचा १९५६ मध्ये. म्हणजे पोर्तुगीजांच्या अठराशे वर्षे आधी या किनाऱ्यावर राजाज्ञा दगडात कोरून लावण्याइतके मोठे बंदर होते. आम्ही तिथे गेलो तेव्हा एक आजोबा नातवाला सायकल शिकवत होते, आणि स्तूपाविषयी त्यांनी जे सांगितले ते आमच्या पुस्तकी माहितीपेक्षा फारसे कमी नव्हते.

अर्नाळ्याला विरारहून जावे लागते आणि किनाऱ्यावरून होडीने पलीकडच्या बेटावर. अंतर थोडे आहे, पण खानदेशी प्रवाशाला होडीत पाय टाकतानाचा तो एक क्षण कायम लक्षात राहतो. आमच्या भूगोलाच्या सरांनी आयुष्यभर भरती-ओहोटी फळ्यावर काढली होती, आणि होडी वाळूवर टेकून थांबल्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरताना तेच सर्वांत जास्त गोंधळले. दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत, आत गोड्या पाण्याचा अष्टकोनी तलाव आणि त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे पाहून मुले जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरे शिक्षकाने आधी तयार ठेवावीत. आमच्याकडे ती नव्हती. निर्मळला शंकराचार्यांचे मंदिर आणि तलाव आहे, कार्तिक वद्य एकादशीपासून तिथे मोठी यात्रा भरते. आम्हाला तिथे तासभरच मिळाला.

आगाशीच्या बाजारात मात्र आम्ही रेंगाळलो. सुकेळी विकायला होती. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून, पानांत गुंडाळून बांधलेली ही वस्तू खजूर आणि अंजीर यांच्या मधली लागते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून आलेल्या मुलाला ती दाखवावी, कारण जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तरी भाव पडला की आपल्याकडे केळीचे घड बांधावर फेकले जातात, आणि इथे पावशेर सुकेळ्यांचा दर ऐकून माझ्या पत्नीने दोनदा विचारले. सर्व केळी वाळवून विकता येतील असे मी म्हणत नाही, जातही वेगळी आहे. पण सहलीत हे पाहिलेले एखादे शेतकऱ्याचे मूल घरी जाऊन वडिलांना काहीतरी विचारील, एवढे खरे. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांनी वसईचा नवस फेडण्यासाठी बांधल्याचे सांगतात, आणि त्याच्याजवळ अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. चोपड्याजवळचे उनपदेव ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या पाण्याचे नवल वाटणार नाही; तरी गंधकाचा वास इकडे अधिक.

किल्ल्याची डागडुजी करून तो पुन्हा ‘पूर्वीसारखा’ उभा करावा, अशी सूचना काही जण उत्साहाने करतात. मला ती पटत नाही. पडलेली भिंत पडू न देणे, पिंपळाची मुळे वेळीच काढणे आणि जिने सुरक्षित ठेवणे एवढे व्हायला हवे. नवे दगड, नवे रंग आणि नवी छपरे आली की सालाच्या आकड्यावरून वाद घालण्यासारखी शिळाच उरणार नाही. हवे आहेत ते फलक, साध्या मराठीत, जागोजागी, चार ओळींचे: इथे काय होते, कधी होते, कोणी पाडले किंवा कसे पडले.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि सहल-संयोजकांना माझी विनंती एवढीच की वसईला जायचे असेल तर किल्ल्याला सकाळचे किमान चार तास द्यावेत आणि दुसरा अर्धा दिवस सोपारा व अर्नाळा यांना द्यावा. खर्चाची अडचण सांगितली जाईल म्हणून लिहितो: किल्ल्यात आणि स्तूपाशी आम्हाला तिकीट पडले नाही, अर्नाळ्याच्या होडीला माणशी किरकोळ पैसे लागले, आणि वॉटर पार्कच्या एका तिकिटात एका मुलाचा जास्तीचा मुक्काम आणि दोन वेळचे जेवण निघते. वॉटर पार्क नकोच, असेही माझे म्हणणे नाही. मुलांनी आनंद करावा, त्यासाठीच ती आलेली असतात. तो शेवटच्या दुपारी ठेवावा, म्हणजे हॉर्न वाजवायची घाई कोणाला राहणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ चांगला. किल्ल्यात पिण्याचे पाणी सोबत न्यावे, मुलांच्या पायांत चपलांऐवजी बूट असावेत, आणि झाडीत हात घालू नये हे बसमध्येच बजावून सांगावे. होडीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून अर्नाळ्याला आदल्या दिवशी तिथल्या होडीवाल्यांकडे चौकशी करून मगच गाड्या न्याव्यात. आम्ही ते केले नाही आणि भर उन्हात किनाऱ्यावर दोन तास बसून राहिलो.

त्या तीन दिवसांत भूगोलाच्या सरांनी पावले मोजून किल्ल्याचा एक हातनकाशा तयार केला आहे. प्रमाण फारसे बिनचूक नाही, पण दोन दरवाजे, मुख्य चर्चे, बालेकिल्ला, चिमाजी अप्पांचे स्मारक आणि सावलीत बसून डबा खाण्याच्या दोन जागा त्यात दाखवल्या आहेत. मी त्याला दोन पानांचे मराठी टिपण जोडले आहे, आणि मालेगाव व नाशिकला कुठे थांबता येईल तेही त्यात लिहिले आहे. या हंगामात सहल नेणाऱ्या ज्या शाळांना ते हवे असेल, त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर माझ्या नावे कळवावे. आपण ती पत्रे माझ्याकडे पाठवलीत तर झेरॉक्स आणि टपालाचा खर्च मी करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव